डबा लिटरचा, भार किलोंचा

एका कंपनीच्या कॅन्टीनमागे बसवलेलं कंपोस्टचं यंत्र पाहायला गेलो होतो. यंत्राची माहिती ऐकत असतानाच दोन कामगार 120 लिटरचा हिरवा डबा ढकलत आले. एकाने कड धरली, दुसऱ्याने बुडाला हात घातला आणि दोघांनी मिळून डबा यंत्राच्या तोंडापर्यंत नेला. तोंड छातीच्या उंचीवर. डबा कलला तशी आतली आमटी आणि भात पुढच्या बाजूला धावला आणि पुढच्या माणसाचा खांदा झटक्यात खाली गेला. त्याने कसंबसं सावरलं. पुढचा डबा आला तेव्हा मी तो आधी कोठीतल्या वजनकाट्यावर ठेवायला लावला. काटा 83 किलोवर थांबला.

2016 च्या घनकचरा नियमांनी दिवसाला 100 किलोहून जास्त कचरा करणाऱ्यांवर वेगळी जबाबदारी टाकली आणि हॉटेलं, कंपन्या, मोठ्या सोसायट्या यांच्या आवारात अशी यंत्रं दिसू लागली. कचरा जागच्या जागी जिरवणं उत्तमच. पण कचरा जमिनीवर आणि यंत्राचं तोंड चार फुटांवर. मधले चार फूट कुणाची कंबर भरून काढणार, हा प्रश्न यंत्र घेताना कुणी विचारत नाही. खरं तर त्यासाठी बिन लिफ्टर असतो, म्हणजे भरलेला डबा उचलून यंत्राच्या तोंडात उलटा करणारं साधन.

83 किलो दोघांत वाटले तर प्रत्येकी साधारण 41 किलो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 मध्ये प्रौढ पुरुषासाठी 55 किलोची मर्यादा सुचवली होती, तिच्या आतच. मग अडचण कुठे आहे? अडचण आहे अंतरात. वाकून उचलताना ओझं कमरेच्या मणक्यापासून अंदाजे 40 सेंटीमीटर पुढे असतं, तर त्याला तोलून धरणारे पाठीचे स्नायू मणक्याच्या गादीपासून जेमतेम 5 सेंटीमीटरवर. तरफेचा हिशेब सरळ आहे: हातातल्या दर किलोमागे स्नायूंना आठ किलोंचा ताण द्यावा लागतो. 20 किलोच्या बादलीसाठी 160 किलो. त्यात पुढे झुकलेल्या धडाचं वजन वेगळंच. हा सगळा दाब त्या गादीवर येतो. कमरेत उसण भरते ती अशाच ओझ्याने, आणि असं वर्षानुवर्षं चाललं की गादीही सरकू शकते.

म्हणूनच कामगारांच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचं ओझं उचलण्याबाबतचं 1991 चं सूत्र अंतर धरून चालतं. ओझं अंगालगत, कमरेच्या खालोखाल उंचीवर, अंग न पिळता आणि अधूनमधूनच उचलायचं असेल, तर मर्यादा 23 किलो. तेच ओझं घोट्यांपासून 50 सेंटीमीटर पुढे असेल तर निम्मी, म्हणजे साडेअकरा किलो. फुगीर डबा अंगालगत धरता येतच नाही. कॅन्टीनमागचे ते दोघे मर्यादेच्या तिपटीहून जास्त ओझं उचलत होते, आणि हे रोज दोन्ही जेवणांनंतर.

लिफ्टरच्या दृष्टीने मात्र हे काम अगदी किरकोळ. 100 किलो वजन सव्वा मीटर चढवायला सव्वाबाराशे ज्यूल लागतात, म्हणजे एका वॉट-तासाचा तिसरा भाग. मोटर आणि हायड्रॉलिकमध्ये दोन तृतीयांश ऊर्जा वाया गेली असं धरलं, तरी मोबाइलच्या एका बॅटरीइतक्या विजेत पंधरा-एक डबे चढतील. माणसाची कंबर वाचवायला इतकीच वीज लागते, हे कळल्यावर मला खरोखर वाईट वाटलं.

बिन लिफ्टर घेताना पहिली चूक होते ती लिटरमध्ये विचार करण्याची. युरोपच्या ईएन 840 मानकात डब्याचा भार लिटरमागे 400 ग्रॅम धरलेला असतो: 120 लिटरला 48 किलो, 240 लिटरला 96. सुका कचरा किंवा कोबीची पानं असतील तर हे ठीक. उरलेला भात-आमटी मात्र पाण्याच्या वजनाजवळ जातो. तेव्हा आठवडाभर रोजचे डबे काट्यावर ठेवा आणि त्यातल्या सर्वात जड डब्यावरून लिफ्टरची क्षमता ठरवा. सरासरी इथे कामाची नाही.

दुसरी गोष्ट कलण्याची. डबा आडवा होऊन भागत नाही. त्याचं बूड तोंडापेक्षा बरंच वर जायला हवं, म्हणजे तोंड आडव्या रेषेच्या खाली निदान 40-45 अंश झुकायला हवं. नाहीतर चिकट कचरा बुडाला धरून बसतो. मग कुणीतरी काठीने खरवडायला जातो, कधी हातही घालतो, आणि अडकलेला गोळा एकदम सुटतो. त्यामुळे डबा वर असताना कुणाला खाली जाताच येऊ नये अशी जाळी हवी. बटण दाबून धरलं तरच चालेल आणि सोडलं की थांबेल, असं हवं. हायड्रॉलिक असेल तर नळी फुटल्यावर डबा जागच्या जागी थांबवणारा व्हॉल्व्ह सिलिंडरलाच बसवलेला हवा.

चाकांच्या लिफ्टरला आणखी एक धोका असतो. वर गेलेला डबा पुढे कलला की एकूण गुरुत्वमध्यही पुढे सरकतो. तो पुढच्या चाकांपलीकडे गेला की सगळंच कोलमडतं. कॅन्टीनमागची फरशी पाणी वाहून जावं म्हणून उताराची असते. अशा जागी यंत्र जमिनीत बोल्टने पक्कं केलेलं बरं.

दिवसाला दोन-तीनच डबे असतील तर पायाने दाबायचा पंप पुरतो. दहा-बारा असतील तर बॅटरी घ्या, नाहीतर कामगार कंटाळून पुन्हा हातानेच उचलायला लागतील.

विक्रेत्याला प्रात्यक्षिकासाठी बोलवाल तेव्हा त्याचा रिकामा डबा नको. आपलाच, सोमवारच्या जेवणानंतरचा भरलेला डबा त्याच्यासमोर ठेवा, आणि बटण साहेबांच्या हाती न देता रोज हे काम करणाऱ्या मावशींच्या हाती द्या. त्यांचा हात तिथपर्यंत पोचतो का, डब्याची कड लिफ्टरच्या आकड्यात (हुकात) नीट बसते का, आणि डबा कलताना त्या आपणहून मागे सरतात का, हे बाजूला उभं राहून पाहा.