मायलिन घडवणाऱ्या पेशींचे ऊर्जेचे गणित

मेंदूतील चेतापेशींच्या अक्षतंतूंभोवती (संदेश वाहून नेणाऱ्या लांब धाग्यांभोवती) मेदयुक्त पटलांचे जे घट्ट वेढे असतात त्यांना मायलिन म्हणतात, आणि मेंदू व मज्जारज्जू यांमध्ये हे वेढे घालण्याचे काम ऑलिगोडेन्ड्रोसाइट नावाच्या पेशी करतात. स्पेनमधील शास्त्रज्ञ पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९२१ च्या सुमारास या पेशींचे वर्णन केले. पाठ्यपुस्तकांत मायलिनची तुलना विजेच्या तारेवरील आवरणाशी केली जाते. संदेश वेगाने का धावतो हे समजण्यापुरती ती उपयोगी आहे. मात्र हे आवरण जिवंत पेशीचा भाग आहे, त्याला स्वतःचे पोषण लागते आणि आतल्या तंतूच्या पोषणातही त्याचा वाटा असतो, हे तिच्यातून कळत नाही.

मायलिनची उभारणी हे अत्यंत खर्चिक काम आहे. पाणी वगळल्यास मायलिनच्या वजनाचा ७० टक्क्यांहून अधिक भाग मेदाचा असतो. त्यातील कोलेस्टेरॉल रक्तातून मेंदूत जवळजवळ शिरतच नाही, त्यामुळे ते मेंदूतच तयार करावे लागते. एकेक पेशी डझनावारी तुकड्यांना वेढे घालत असल्याने या काळात तिला कच्चा माल आणि एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) या दोहोंची मोठी गरज असते, आणि ती भागवण्यासाठी तिच्यातील मायटोकॉन्ड्रिया (ऊर्जा तयार करणारे सूक्ष्म घटक) ऑक्सिजनच्या साहाय्याने सतत काम करतात. कच्च्या मालाचा काही भाग चेतापेशीच पुरवतात: त्यांनी बनवलेल्या एन-ॲसिटिलअ‍ॅस्पार्टेट या रेणूचे विघटन करून ऑलिगोडेन्ड्रोसाइट मेदनिर्मितीसाठी ॲसिटेट मिळवतात. हे विघटन करणारे विकर (एन्झाइम) जन्मतः सदोष असले की कॅनव्हन हा बालकांमधील गंभीर आजार होतो. उभारणीच्या उंबरठ्यावरील अपरिपक्व पेशी तर ऑक्सिजनच्या कमतरतेपुढे विशेष दुबळ्या असतात. गर्भावस्थेच्या साधारण २३ ते ३२ आठवड्यांत जन्मलेल्या बाळांच्या मेंदूतील मायलिनयुक्त पांढऱ्या भागाला इजा होण्याचा धोका अधिक असतो, त्यामागे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

उभारणी संपल्यावर मात्र चित्र पालटते, आणि या विषयातील सर्वांत रंजक भाग मला तरी हाच वाटतो. जर्मनीतील ग्योटिंगन येथे क्लाउस-आर्मिन नावे यांच्या गटाने उंदरांच्या ऑलिगोडेन्ड्रोसाइटमधून कॉक्स१० हे जनुक काढून टाकले. या जनुकावाचून मायटोकॉन्ड्रियातील श्वसनसाखळीचा एक आवश्यक दुवा जुळत नाही, म्हणजे पेशीला ऑक्सिजन वापरून ऊर्जा मिळवता येत नाही. अशा पेशी मरतील आणि मायलिन झडेल अशी अपेक्षा कोणीही केली असती. परंतु २०१२ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात पेशी टिकल्या, मायलिन शाबूत राहिले आणि अक्षतंतूही खराब झाले नाहीत. भूल दिलेल्या त्या उंदरांच्या मेंदूत लॅक्टेट (ग्लुकोज अर्धवट मोडल्यावर उरणारा पदार्थ) वाढलेले आढळले आणि भूल उतरताच ते झपाट्याने घटले. ते आसपासच्या पेशी वापरत असाव्यात, असा त्याचा अर्थ लावला गेला. थोडक्यात, प्रौढ पेशी ग्लुकोज अर्धवटच मोडते. त्यातून तिला एका रेणूमागे जेमतेम दोन एटीपी मिळतात, पण उरलेल्या लॅक्टेटमधील बरीच मोठी ऊर्जा अक्षतंतूतील मायटोकॉन्ड्रियांच्या कामी येऊ शकते.

त्याच वर्षी अमेरिकेतील जेफ्री रोथस्टाइन यांच्या गटाने, लॅक्टेटची ने-आण करणारे एमसीटी१ हे प्रथिन कमी केल्यास अक्षतंतूंना इजा होते, असे दाखवले. पुढे २०२१ मध्ये हे प्रथिन फक्त ऑलिगोडेन्ड्रोसाइटच्या वंशातील पेशींमधून काढले असता हानी दिसली खरी, पण ती उंदीर वयस्क झाल्यावर. तेव्हा लॅक्टेट हाच अक्षतंतूचा एकमेव आधार आहे असे म्हणणे घाईचे ठरेल. पुरवठा मागणीनुसार कसा बदलतो याचा एक मार्ग २०१६ मध्ये समोर आला: तंतू कार्यरत असताना सुटणारे ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन ऑलिगोडेन्ड्रोसाइटवरील ग्राहींना चेतवते, त्यामुळे ग्लुकोज आत घेणारी वाहक प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर वाढतात.

ग्लुकोजच आटले तर काय होते? नावे यांच्याच गटाने २०२४ मध्ये उंदरांच्या दृष्टिचेता (डोळ्यांपासून मेंदूकडे जाणाऱ्या चेता) ग्लुकोजविना ठेवून पाहिले, तेव्हा ऑलिगोडेन्ड्रोसाइट मेदाम्ले जाळून तग धरताना दिसल्या. याचा अर्थ मायलिनमधील मेद हा अडीअडचणीचा राखीव साठाही असू शकतो. त्याला जोडूनच २०२५ मध्ये स्पेनमधील संशोधकांनी मॅरेथॉन धावणाऱ्या दहा जणांचे एमआरआय तपासले. शर्यतीनंतर मेंदूच्या काही भागांतील मायलिनचा निर्देशांक घटलेला आढळला आणि दोन महिन्यांत तो पूर्ववत झाला. वृत्तपत्रांनी यावर ‘धावताना मेंदू स्वतःलाच खातो’ अशा धाटणीचे मथळे देण्याचे कारण नाही: दहा हा आकडा फारच लहान आहे, शिवाय हा एमआरआय मायलिनचे थर मोजत नाही, थरांमध्ये अडकलेले पाणी मोजतो, आणि ४२ किलोमीटर धावलेल्या शरीरात पाण्याचे प्रमाण बदललेले असणारच.