रोमची सून कोणाच्या घरची? मानुसचं लग्न आणि मानुसविना लग्न

मध्ययुगीन राजघराणी चालवायचा क्रुसेडर किंग्ज हा संगणकावरचा खेळ खेळताना लग्न जुळवायची खिडकी उघडली की तिच्यात एक छोटा पर्याय दिसतो. तो तसाच सोडला तर होणारी मुलं बापाच्या घराण्याची. निवडला तर मुलं आईच्या घराण्याची, आणि नवरा बायकोच्या दरबारात राहायला येतो. आमच्या घरात या पर्यायाला सगळे सरळ 'घरजावई' म्हणतात. परवा माझा भाचा रोमबद्दल वाचत बसला होता. वाचता वाचता त्याने विचारलं, "मावशी, रोममध्ये दोन तऱ्हेची लग्नं होती म्हणे. एकीत बायको नवऱ्याच्या कुळात जाते, दुसरीत बापाच्याच कुळात राहते. दुसरी म्हणजे आपलं घरजावईच ना?"

नाही. पण ही गल्लत फार साहजिक आहे, कारण आपण दोन वेगळे प्रश्न एकच समजतो. लग्नानंतर बायको कोणाच्या कुळातली, हा एक प्रश्न. मुलं कोणाच्या कुळातली, हा दुसरा. आपल्या परंपरेत दोन्हींचं उत्तर एकदमच मिळून जातं: कन्यादान झालं, मुलीचं गोत्र बदललं, आणि पुढची मुलं त्याच गोत्रातली. रोमनांनी मात्र हे प्रश्न सुटे केले. पहिल्याला दोन उत्तरं ठेवली: मानुसचं लग्न केलं तर बायको नवऱ्याच्या कुळात, मानुसविना केलं तर बापाच्याच. दुसऱ्याला कायम एकच: रीतसर लग्नातली मुलं बापाची.

मानुस म्हणजे लॅटिनमध्ये हात. आपण मुलीचा हात मागतो, पाणिग्रहण म्हणतो, तेव्हा हात म्हणजे साथ. रोमन कायद्यातला हात म्हणजे ताबा. मानुसच्या लग्नात बायको बापाच्या ताब्यातून सुटून नवऱ्याच्या ताब्यात जायची, आणि कायदा तिला नवऱ्याच्या 'मुलीच्या जागी' धरायचा. हे अक्षरशः घ्यायचं. वारसाहक्कापुरती ती नवऱ्याची मुलगी, म्हणजे स्वतःच्या पोटच्या मुलांची बहीण. तिचं जे काही असेल ते नवऱ्याचं होई, नवरा मेला की मुलांच्या बरोबरीने वाटा मिळे, आणि माहेरच्या वारशात तिचं नाव उरत नसे.

या लग्नाकडे जाण्याच्या तीन वाटा गायस या कायदेपंडिताने लिहून ठेवल्यात. इसवीसनाच्या दुसऱ्या शतकातलं त्याचं हे पुस्तक आपल्यापर्यंत आलं तेच नशिबाने: 1816 मध्ये व्हेरोनाच्या ग्रंथालयात एका चर्मपत्रावर, संत जेरोमच्या पत्रांखाली खरवडून पुसलेली त्याची अक्षरं सापडली. पहिली वाट धार्मिक. फार नावाच्या जुन्या गव्हाची भाकरी, दहा साक्षीदार, ठरलेले मंत्र. काही मोठ्या पुरोहितपदांसाठी अशाच लग्नातून जन्मलेला माणूस लागायचा. दुसरी वाट लुटुपुटुच्या खरेदीची: किमान पाच साक्षीदार, तराजू धरणारा एक माणूस, आणि नावापुरता व्यवहार. तिसरी वाट मला सगळ्यात विलक्षण वाटते. बायको सलग एक वर्ष नवऱ्याच्या घरी राहिली की वर्षाअखेर ताबा आपोआप लागू. एखादी वस्तू वर्षभर वापरात राहिली की वापरणाऱ्याची होते, त्याच नियमाने.

याच वाटेला इसवीसनपूर्व पाचव्या शतकातल्या बारा पाट्यांच्या कायद्याने एक पळवाट ठेवली. बाईने दर वर्षी तीन रात्री नवऱ्याच्या घराबाहेर काढल्या तर वर्ष तुटतं आणि ताबा लागत नाही. लग्न मात्र अबाधित. तीन रात्रींचं माहेरपण म्हणा, पण त्यावर बाईची सगळी मिळकत टांगलेली. आणि रोमन वकील मोजायला बसले की कसे मोजत, ते गेलियस या रोमन लेखकाने नोंदवलंय. क्विंटस म्युकियस या कायदेपंडिताचा दाखला तो देतो: 1 जानेवारीला राहायला आलेली बाई वर्षाच्या शेवटच्या तीनच रात्री शिल्लक असताना बाहेर पडली, तर उपयोग नाही. रोमन दिवस मध्यरात्री बदलतो, म्हणून तिसऱ्या रात्रीचे मध्यरात्रीनंतरचे तास पुढच्या वर्षात पडतात. तीन रात्री पुऱ्या होत नाहीत, आणि बाई ताब्यात जाते.

गायसच्या काळापर्यंत ही तिसरी वाट बंदच झाली होती. त्याच्याही आधी, रोमन प्रजासत्ताकाच्या अखेरीस, म्हणजे इसवीसनपूर्व पहिल्या शतकात, बहुतेक लग्नं मानुसविना होऊ लागली होती. वरून फरक दिसला नसता. नवरी तोच केशरी-पिवळा पदर घ्यायची, तशीच वरातीने यायची, तिला उचलूनच उंबरा ओलांडवायचे. पण कायद्याने ती बापाची मुलगीच राहायची. बाप जिवंत असला तर त्याच्या सत्तेत, गेला असला तर स्वतंत्र, फक्त मोठ्या व्यवहारांना पालकाची संमती लागे. तिची मिळकत नवऱ्यापासून इतकी वेगळी, की नवरा-बायकोने एकमेकांना दिलेली मोठी बक्षिसं कायदा मानतच नसे.

हा फरक प्रत्यक्षात कसा चावायचा, ते रोममध्ये सापडलेल्या एका शिलालेखात दिसतं. इसवीसनपूर्व पहिल्या शतकाच्या शेवटाकडे एका नवऱ्याने मृत बायकोसाठी केलेलं हे भाषण. तिचं नाव दगडावर उरलेलं नाही, अभ्यासक तिला सवयीने तुरिया म्हणतात. लग्नाआधीच तिच्या आई-बापाचा खून झाला. मागोमाग काही लोक पुढे आले, आम्ही तुमच्याच कुळातले म्हणत. त्यांचा दावा असा: बापाने मृत्युपत्र केल्यावर बायकोशी ती लुटुपुटुची खरेदी उरकली, म्हणजे तिला मानुसमध्ये घेतलं. मानुसमध्ये आलेली बायको मुलीच्या जागी, म्हणजे घरात नवा वारस आला, म्हणजे जुनं मृत्युपत्र रद्द! मग सगळी मिळकत एकट्या या मुलीकडे जाणार आणि मुलीचं पालकत्व कुळातल्यांकडे, म्हणजे यांच्याकडे. तिच्या सख्ख्या बहिणीला काहीच नाही, कारण ती क्लुव्हियस नावाच्या नवऱ्याच्या मानुसमध्ये गेलेली. दोघी एकाच आईबापाच्या, पण लग्नाच्या तऱ्हेमुळे एक वारस आणि दुसरी परकी. या बाईने सांगितलं की मृत्युपत्र शाबूत आहे, आणि समजा ते मोडलंच तरी मी बहिणीला वाटा देईन. दावेदारांना माघार घ्यावी लागली.

आता खेळाकडे परत येते. क्रुसेडर किंग्जमध्ये पर्यायाला हातही न लावता लावलेलं साधं लग्न पाहा. बायको नवऱ्याच्या दरबारात राहायला जाते, पण तिचं घराणं जन्माचंच राहतं, आणि मुलं नवऱ्याच्या घराण्यात जन्मतात. हेच तर मानुसविना लग्न! भाचा जे घरजावईच्या पर्यायात शोधत होता ते साध्या पर्यायातच होतं. बायको कायद्याने नवऱ्याची मुलगी होते, अशी मानुसची तऱ्हा खेळात नाहीच, आणि मध्ययुगीन युरोपच्या खेळात ती का असावी?

2004 च्या रोम: टोटल वॉर या खेळाची गोष्ट उलटी. तिथे मुलगी वयात आली की एखादं स्थळ चालून येतं, आणि होकार दिलात तर जावई तुमच्या वंशवृक्षात सेनापती म्हणून दाखल होतो. खेळाला सेनापती लागतात, म्हणून हे खेळात शोभतं. रोमनांना असा जावई हवा असेल तर लग्न पुरत नसे, त्यांना तो दत्तक घ्यावा लागे. आणि दत्तक घेतला की तो मुलीचा भाऊ झाला! सम्राट क्लॉडियसने इसवीसन 50 मध्ये नीरोला दत्तक घेतलं, तेव्हा त्याची मुलगी ऑक्टेव्हिया हिला आधी दुसऱ्या कुळात दत्तक द्यावं लागलं, मग 53 मध्ये दोघांचं लग्न लागलं.

घटस्फोटात रोमन लग्नाच्या या दोन तऱ्हा आणखी दुरावतात. क्रुसेडर किंग्जच्या तिसऱ्या आवृत्तीत घटस्फोट मिळेल की नाही ते धर्मावर ठरतं: कुठे बंदी, कुठे धर्मप्रमुखाची परवानगी, कुठे मोकळीक. रोममध्ये परवानगी कुणाचीच लागत नसे. 'तुझ्या चीजवस्तू तुझ्याकडे ठेव' हे ठरीव वाक्य पुरे होई. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळच्या कायद्याने पुढे सात साक्षीदार घातले. पण हे वाक्य मानुसविना लग्नात बाईही बोलू शकत होती, आणि तिचा बापही तिच्या वतीने लग्न मोडू शकत होता. हे अधिकार सुखाचे होते असं मी म्हणणार नाही. चांगला नांदता संसार बापाने मोडायचा नाही, असं अखेर सम्राट अँटोनायनस पायसला सांगावं लागलं, म्हणजे तोवर बाप मोडत होतेच. मानुसच्या लग्नात बाईच्या हाती जुन्या काळी काहीच नव्हतं. तिथे ताबा वेगळा सोडवावा लागे: भाकरीच्या लग्नाला उलट विधी, खरेदीच्या लग्नाला उलट विक्री. गायसच्या काळात मात्र घटस्फोट कळवलेली बाई नवऱ्याला तो ताबा सोडायला भाग पाडू शकत होती.

आपला हुंडा आणि रोमन हुंडा यांतही घोटाळा करू नये. रोमन हुंडा संसाराच्या काळात नवऱ्याच्या नावावर, पण घटस्फोटानंतर परत करायचा. त्यातून कपात होई. घटस्फोट बायकोच्या किंवा तिच्या बापाच्या दोषाने झाला, तर नवरा दर मुलामागे सहावा हिस्सा ठेवून घेई, जास्तीत जास्त तीन सहांश. साठ हजार सेस्टर्सचा (सेस्टर्स हे रोमन नाणं) हुंडा आणि दोन मुलं असली तर वीस हजार नवऱ्याकडे. व्यभिचारासाठी आणखी एक षष्ठांश. नवऱ्याचा दोष असेल तर त्याची शिक्षा मुदतीची: एरवी रोख रक्कम तीन वार्षिक हप्त्यांत फेडायची, ती व्यभिचारी नवऱ्याने ताबडतोब मोजायची.

मुलामागे कपात का, तर मुलं बापाकडे राहतात आणि त्यांचा खर्च त्याच्यावर पडतो. भाच्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. बाई सगळं आयुष्य बापाच्या कुळात राहिली, मिळकत स्वतःची राहिली, उद्या उठून निघून जाऊ शकली, तरी जाताना मूल तिचं नव्हतं.

लिव्हियाचं बघा. इसवीसनपूर्व 38 मध्ये ऑक्टेव्हियनने, म्हणजे पुढे ज्याला ऑगस्टस म्हणू लागले त्याने, तिच्याशी लग्न केलं तेव्हा ती पहिल्या नवऱ्यापासून गरोदर होती. त्या नवऱ्याने, टायबेरियस क्लॉडियस नीरोने, स्वतः बापाच्या जागी उभं राहून तिला दिलं. तीन महिन्यांत ड्रूसस जन्मला. ऑक्टेव्हियनने मूल त्याच्या बापाकडे पाठवून दिलं आणि तशी नोंद ठेवली. बाप वारला तेव्हा लिव्हियाचा थोरला मुलगा, त्याचंही नाव टायबेरियस, नऊ वर्षांचा होता. मरताना बापाने ऑक्टेव्हियनला पालक नेमलं होतं, म्हणून ती दोन्ही मुलं आईच्या घरी आली.

लिव्हियासाठी ऑक्टेव्हियनने ज्या बायकोला सोडलं ती स्क्रिबोनिया. तिला मुलगी झाली त्याच दिवशी त्याने घटस्फोट दिला. मुलगी ज्युलिया बापाकडे राहिली, लिव्हियाच्या हाताखाली वाढली, बाप सांगेल तिथे तीनदा लग्न केलं. 37 वर्षांनी, इसवीसनपूर्व 2 मध्ये, बापानेच तिला व्यभिचाराच्या आरोपावरून पांडाटेरिया बेटावर हद्दपार केलं. तेव्हा स्क्रिबोनिया, कुणी सांगितलं नसताना, तिच्यासोबत बेटावर गेली.