कोरड्या उन्हाळ्यात भाजी टिकवायची तर

परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा 42 अंशांवर जातो आणि दुपारच्या हवेतली आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास येते. आठवडी बाजारातून सकाळी आणलेली मेथी संध्याकाळपर्यंत मान टाकते ती यामुळेच. तोडलेल्या भाजीचा श्वासोच्छ्वास चालूच असतो आणि तापमान 10 अंशांनी वाढलं की त्याचा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. पानांतलं पाणीही उडत राहतं, पण मुळं नसल्याने ते भरून निघत नाही. एक किलो पालेभाजीतून 30 ते 50 ग्रॅम पाणी गेलं तरी ती मलूल दिसू लागते.

मलूल झाली म्हणून ती लगेच उकिरड्यावर टाकू नये. देठांची टोकं छाटून जुडी अर्धा तास गार पाण्यात उभी ठेवा, पानं पुन्हा ताठ होतात. चिकट झालेली पानं मात्र काढूनच टाकावी लागतात.

विक्रेते जुडीवर सारखं पाणी शिंपडतात. ते पानांच्या बेचक्यात साचतं आणि सड तिथूनच सुरू होते. म्हणून घरी आल्यावर आधी सुतळी सोडा, सडकी पानं निवडा आणि भाजी सावलीत पंधरा-वीस मिनिटं पसरा. वरचं पाणी सुकलं की न धुता कोरड्या सुती कापडात गुंडाळून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. गच्च बांधलेल्या कॅरीबॅगमध्ये वाफ धरते, हवा कोंडते आणि आंबूस वास येतो. पिशवीच वापरायची असेल तर तिला पाच-सहा भोकं पाडा.

फ्रीज नसेल किंवा वीज जात असेल, तर मराठवाड्याची कोरडी हवाच कामाला येते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. माठातलं पाणी गार होतं ते असंच. बाहेर 42 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल, तर ओला पृष्ठभाग सुमारे 23 अंशांपर्यंत उतरू शकतो. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने याच तत्त्वावर शून्य ऊर्जा शीतकक्ष तयार केला. विटांच्या दोन भिंती, मध्ये साडेसात सेंटिमीटरची फट, फटीत वाळू आणि वर गवताचं किंवा गोणपाटाचं झाकण, एवढीच त्याची रचना. सावलीत बांधून सकाळ-संध्याकाळ पाणी दिलं तर उन्हाळ्यात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा 10 ते 15 अंशांनी कमी राहतं आणि आर्द्रता 90 टक्क्यांच्या आसपास.

दोन-तीन किलो भाजीसाठी मातीची मोठी कुंडी आणि तिच्यात बसणारं मडकं पुरे. दोन्ही न रंगवलेली हवीत, कारण रंगाने मातीची छिद्रं बुजतात. कुंडीचं भोक बंद करा, तळाशी वाळू घाला, मडकं ठेवा आणि भोवतीच्या चार-पाच सेंटिमीटर फटीत वाळू भरून भिजवा. तोंडावर ओलं फडकं टाका, पण ते भाजीवर ठिबकू देऊ नका. जागा सावलीची आणि वाऱ्याची हवी. बंद खोलीत वाफ उडत नाही, मग गारवाही येत नाही. बोअरचं पाणी जड असेल तर कुंडीवर पांढरा क्षार चढतो, तो अधूनमधून ब्रशने घासावा. टंचाईत यासाठी पिण्याचं पाणी खर्चू नये, भाजी धुतलेलं पाणी चालतं.

फ्रीजचा गारवा सगळ्यांना मानवत नाही. केळी 13 अंशांखाली काळी पडतात, मग ती अर्धापूरची असोत की आणखी कुठली. वांगी, काकडी आणि कच्चे टोमॅटो 10-12 अंशांना बरे राहतात. त्यांना हे मडकं फ्रीजपेक्षा मानवतं. बालाघाटचं सीताफळ डोळे उघडलेलं पण कडक असताना फ्रीजमध्ये गेलं, तर साल काळी पडते आणि गर नीट पिकत नाही. ते बाहेर मऊ होऊ द्यावं, मग फ्रीजमध्ये ठेवून एक-दोन दिवसांत खावं. केसर आंब्यालाही हेच लागू.

पिकणारी फळं इथिलीन वायू सोडतात. त्याने पालेभाजी पिवळी पडते आणि काकडी लवकर खराब होते, म्हणून आंबा, केळी, पपई वेगळ्या टोपलीत ठेवा. कांदे-बटाटे हवेशीर जागी पण एकमेकांपासून दूर हवेत, आणि बटाटे अंधारात. हिरवट झालेल्या बटाट्यात विषारी सोलॅनिन वाढलेलं असू शकतं. हिरवा भाग खोलवर कापून टाकावा, जास्त असेल तर अख्खा बटाटाच.

पावसाळा लागला की कुंडी आवरून ठेवावी. 28 अंश आणि 85 टक्के आर्द्रतेत गारवा जेमतेम दोन अंशांचा मिळतो आणि ओल्या मडक्यात बुरशी मात्र लवकर धरते.