पित्त मोजायचं कसं? श्वानच्या कुत्र्यांपासून दोन पेशींपर्यंत

पेशीसिद्धांतामुळे पाठ्यपुस्तकांत गेलेला थिओडोर श्वान याने १८४४ मध्ये बेल्जियममधल्या लूव्हेनला कुत्र्यांची पित्तनलिका बांधून टाकली आणि पित्ताशयाला पोटाबाहेर वाट काढून दिली. पित्त, म्हणजे यकृतात तयार होऊन आतड्यात उतरणारा रस, ही शरीराने टाकून दिलेली घाण आहे की उपयोगाची वस्तू, एवढंच त्याला पाहायचं होतं. कुत्री रोडावत गेली, बहुतेक मेली. प्रयोग क्रूर होता, पण उत्तर मिळालं. मग डोरपातला (आजचं एस्टोनियातलं तार्तू) बिडर आणि श्मिट या संशोधकांनी पित्ताची मोजदाद सुरू केली.

रक्ताच्या दाबाने पित्त नुसतं गाळून निघतं, हा समज जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ हायडेनहाइनने मोडला: नलिकेतल्या पित्ताचा दाब यकृतात येणाऱ्या प्रवेशिनी शिरेतल्या रक्तापेक्षा जास्त भरला.

खरी मेख मात्र १८७० मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ मोरित्झ शिफने दाखवली. बाहेर काढलेलं पित्त आतड्यात परत सोडलं की यकृत जास्त पित्त स्रवतं. पित्ताम्लांचा, म्हणजे यकृत बनवत असलेल्या पित्तातल्या मुख्य घटकांचा, सुमारे ९५ टक्के भाग आतड्यातून यकृताकडे परततो. ही परतफेड तोडली की प्रवाह आटतो. म्हणजे सगळं पित्त गोळा करणारा माणूस आपणच घडवलेली घट मोजत बसतो! म्हणूनच आजही लांबलेल्या प्रयोगात पित्ताम्लं शिरेतून पुरवावी लागतात.

पुढे कुत्र्याची जागा बरीचशी रॅटने घेतली. त्याला पित्ताशयच नसतं, त्यामुळे साठवणुकीचा घोळ नाही. भूल देऊन नलिकेत बारीक प्लॅस्टिकची नळी बसवतात, थेंब आधी वजन केलेल्या कुपीत पडतात आणि एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर धरतात. भुलीत जनावर गार पडलं तरी प्रवाह मंदावतो, म्हणून खाली गरम पाट हवाच.

पण कुपीत पडलेलं पित्त नेमकं कुठलं? पित्ताम्लं यकृताच्या पेशीबाहेर पडताना पाणी ओढून नेतात, असं संशोधक स्पर्बरने १९५९ मध्ये मांडलं होतं. नलिकांच्या अस्तरातूनही पाणी मिसळतं. हे दोन वाटे वेगळे करायला १९६०च्या दशकाअखेरीस किरणोत्सारी एरिथ्रिटॉल (साखरेसारखा एक पदार्थ) वापरात आलं. ते मुख्यतः पेशींलगतच्या सूक्ष्मनलिकांतच पित्तात उतरतं, असं गृहीत धरलेलं; म्हणजे पित्तातल्या त्याच्या प्रमाणावरून पेशींचा वाटा काढता येतो. प्रत्येक प्राण्यात ते तितकंच खरं ठरत नाही.

१९८४ मध्ये ग्राफ, गौतम आणि बॉयर यांनी रॅटच्या यकृतातल्या एकमेकींना चिकटलेल्या पेशींच्या जोड्या वापरल्या. दोघींमधली बंदिस्त पोकळी पित्ताने फुगताना सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. तिथे नळीही लागत नाही, कुपीही नाही.