नस मरत नाही, काही तास गप्प बसते

"डॉक्टर, नस मारली तर मग माडावर चढता येईल ना?" खांद्याचा स्नायुबंध फाटलेल्या गोव्यातल्या म्हार्दोळच्या एका पाडेल्याने, म्हणजे माडावरचे नारळ पाडणाऱ्याने, शस्त्रक्रियेआधी मला विचारलं. आपल्या बोलीत रक्तवाहिनीही नस आणि मज्जातंतूही नस. त्यात 'मारणे' आलं की माणूस घाबरणारच. पण नर्व्ह ब्लॉकमध्ये, म्हणजे मज्जातंतूशेजारी भुलीचं औषध सोडून तो भाग बधिर करण्यात, काहीच मारत नाहीत.

वेदनेचा संदेश म्हणजे मज्जातंतूच्या आवरणातली बारीक दारं उघडून सोडियमचे भारित कण आत घुसण्याची लाट. लिग्नोकेन किंवा बुपिव्हाकेन हे भुलीचं औषध ती दारं अडवतं, तेही आतून! औषधाचे काही रेणू विद्युतभारित असतात, काही भाररहित. आवरण स्निग्ध असल्याने भाररहित रेणूच पार होतात. आत गेल्यावर त्यातले बरेच हायड्रोजनचा आयन उचलून भारित होतात आणि दारात अडकून बसतात. पू झालेल्या जागी आम्लता जास्त, तिथे बहुतेक रेणू बाहेरच भारित होतात. म्हणून तिथे भूल नीट चढत नाही. शाळेतलं आम्ल-आम्लारी इथे कामाला येतं. मला दर वेळी याचं नवल वाटतं. काही तासांनी रक्त औषध वाहून नेतं आणि दारं मोकळी होतात.

खांद्यासाठी सुई मानेत जाते. सोनोग्राफीच्या पडद्यावर दोन स्केलीन स्नायूंच्या फटीत मज्जातंतूंची मुळं काळ्या मण्यांसारखी एकाखाली एक दिसतात. शेजारूनच श्वासपटलाची फ्रेनिक नर्व्ह जाते. तीही बधिर होऊन त्या बाजूचं श्वासपटल काही तास ढिलं पडू शकतं. धडधाकट माणसाला ते सहसा जाणवत नाही. जुना दमेकरी असेल तर मी खांद्यामागची सुप्रास्कॅप्युलर नर्व्ह निवडतो. सांध्याची सुमारे ७० टक्के संवेदना तीच वाहते.

आखडलेल्या खांद्यावरही ही सुई उपयोगी पडते. त्यावर कुणी दृष्ट काढतं, कुणी 'एका इंजेक्शनात कायमचा बरा' अशी जाहिरात करतं. दोन्ही खोटं. दुखणं थांबतं तेवढ्या वेळात व्यायाम करून घ्यायचा असतो, सांधा त्याने सुटतो.

पाडेल्याला मी सांगितलं, "माडावर कधी चढायचं ते शिवलेला स्नायुबंध ठरवील, माझी सुई नव्हे. गोळी मात्र बधिरपणा उतरायच्या आधीच घ्या, नाहीतर मध्यरात्री कळ एकदम उठेल." संध्याकाळी त्याचा दंड लाकडासारखा पडून होता. करंगळी मात्र हलत होती. तिची मुळं सर्वांत खाली, तिथवर औषध पुरतं पोचलंच नव्हतं.