परस्पर साहाय्य
अराज्यवादातील बांधिलकीचे तत्त्व. राज्यसंस्था नको म्हटले, की ‘मग समाजाला धरून कोण ठेवणार?’ हा प्रश्न आलाच. त्याचे सर्वांत तपशीलवार उत्तर रशियन भूगोलज्ञ प्यॉटर क्रपॉटकिन (१८४२–१९२१) यांनी दिले. त्यांचा ‘म्युच्युअल एड’ हा ग्रंथ १९०२ मध्ये निघाला.

सरदार घराण्यातल्या क्रपॉटकिन यांनी लष्करी नोकरीसाठी सायबेरिया निवडला आणि १८६२ ते १८६७ ही वर्षे तेथे काढली. हिमवादळांनी प्राण्यांची वाताहत होताना त्यांनी पाहिली. पण एकाच जातीचे प्राणी अन्नासाठी एकमेकांवर तुटून पडतात, हे डार्विनच्या अनुयायांनी रंगवलेले चित्र शोधूनही सापडेना. झगडा होता तो मुख्यतः हवामानाशी. १८८३ मध्ये फ्रान्समधील तुरुंगात असताना प्राणिशास्त्रज्ञ कार्ल केसलर यांचे परस्पर साहाय्याच्या नियमावरचे व्याख्यान त्यांच्या वाचनात आले आणि या निरीक्षणांना सूत्र मिळाले. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सली यांच्या १८८८ मधील जीवनकलहावरील लेखाला उत्तर म्हणून त्यांनी १८९० पासून जे लेख लिहिले, त्यांचाच पुढे हा ग्रंथ झाला.

ही बांधिलकी म्हणजे प्रेम नव्हे आणि दया तर नव्हेच. शेजारच्या घराला आग लागली, की माणूस बादली घेऊन धावतो. तो शेजारी पुष्कळदा त्याच्या ओळखीचाही नसतो. ग्रंथातला केंट किनाऱ्यावरचा प्रसंग या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. संत्र्यांनी भरलेले एक गलबत हिमवादळात वाळूत रुतले. उथळ पाण्यात बचावनौका घालणे म्हणजे मरण, हे सारा गाव जाणून होता. दोन तास माणसे किनाऱ्यावर नुसती उभी. मग वादळातून किंकाळ्या ऐकू आल्यासारखे वाटले. गलबतावर एक पोरगाही होता. सगळे एकदम नौकेकडे धावले. नौका उलटली, एक जण बुडाला. बायकाही आधी ‘जा’ म्हणत होत्या, दुसऱ्या दिवशी त्याच ‘मूर्ख आहात’ म्हणाल्या. वाचलेल्या एकाला कारण विचारले, तर त्याला ते सांगता येईना. क्रपॉटकिन यांना हवे होते ते हेच: कायद्याचा धाक नाही, बक्षिसाची आशा नाही.

रोजच्या व्यवहारातले दाखलेही ते देतात. दक्षिण फ्रान्समधील आरिएज भागात बटाटे काढायला किंवा गवत कापायला जास्त हात लागले, की आसपासची तरुण मंडळी फुकट राबत आणि रात्री जेवून नाचत. आपल्याकडच्या इर्जिकीचाच हा भाऊबंद.

रशियन अराज्यवादी मिखाईल बकूनिन यांनी या विचाराला स्वातंत्र्याची बाजू आधीच दिली होती: भोवतालची माणसे गुलाम असतील, तर मीही मोकळा नाही.

तत्त्वाची दुखरी जागा एकच, पण मोठी. बांधिलकी कोणाशी, हे ते स्वतःहून सांगत नाही. पहिल्या महायुद्धात खुद्द क्रपॉटकिन यांनी जर्मनीविरुद्ध दोस्त राष्ट्रांची बाजू घेतली आणि १९१६ मध्ये तशा जाहीरनाम्यावर सहीही केली. त्यांचे जुने सहकारी एर्रिको मालातेस्ता यांनी १९१४ मध्येच युद्धसमर्थक साथींविरुद्ध लेख लिहिला होता. ‘अराज्यवादी आपली तत्त्वे विसरले’ असे त्याचे शीर्षकच होते.