वाळूतली मेणबत्ती

ओल्या वाळूत खळगा करून त्यात वितळलेले मेण ओतायचे आणि गोठल्यावर वाळूच्या सालीसकट उकरून काढायचे, अशा रीतीने घरी बनवलेली मेणबत्ती. एरवी मेणबत्ती साच्यातून सुटी होऊन बाहेर येते. इथे साच्याचाच एक थर तिच्या अंगाला कायमचा चिकटतो. मेण वाळूच्या कणांमधल्या फटींत झिरपते, तिथेच गोठते आणि कणांना धरून ठेवते. त्यामुळे बाहेरून ती खरखरीत दगडी वाटीसारखी दिसते.

अमेरिकेत १९६० आणि १९७० च्या दशकांत हा छंद विशेष बोकाळला. हिप्पी पिढीच्या हस्तकलांमध्ये आणि मुलांच्या उन्हाळी शिबिरांत तो हमखास असे. काही जण तर किनाऱ्यावरच खड्डा करून तिथेच मेण ओतत. मूळ तंत्र मात्र ओताऱ्यांचे आणि फार जुने आहे. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत आजही बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वाळूच्या साच्यातच ओतले जाते. गंमत अशी की तिथे ओतीव भागाला चिकटून बसलेली वाळू हा दोष मानतात, आणि इथे सगळा खटाटोप ती चिकटावी म्हणूनच.

बादली किंवा घमेल्यात बारीक, चाळलेली वाळू घेतात. किनाऱ्यावरची असेल तर आधी गोड्या पाण्याने धुऊन घेतलेली बरी, कारण तिच्यातले मीठ ओल धरून ठेवते. वाळू किती भिजवायची हे मापाने सांगण्यापेक्षा मुठीने समजते. मूठ आवळून उघडल्यावर मुटका टिकला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. कोरडी राहिली तर खळग्याच्या कडा ढासळतात. फार ओली झाली तर फटी पाण्याने आधीच भरलेल्या असतात, मेणाला आत शिरायला वाव उरत नाही आणि कवच पातळ येते.

कवचाची जाडी मेणाच्या तापमानावरही अवलंबून असते. सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या मेणाला वाळूचा जेमतेम एक पदर लागतो. १३० अंशांच्या आसपासचे मेण गोठायच्या आत बरेच खोल जाते आणि जाड कवच धरते. घरी उकळत्या पाण्यात भांडे ठेवून मेण वितळवतात, आणि त्या रीतीने ते १०० अंशांच्या वर जाऊच शकत नाही. घरगुती मेणबत्त्यांचे कवच बहुधा पातळ असते ते यामुळे. जाड कवचाच्या हौसेपायी मेण थेट गॅसवर चढवायचे असेल तर तापमापी हवीच. साधारण २०० अंशांपासून पुढे पॅराफिन मेणाची वाफ पेट घेऊ शकते. पेटलेल्या मेणावर पाणी कधीही टाकायचे नाही. गॅस बंद करून झाकण ठेवायचे.

वाटी किंवा वाडगा वाळूत दाबून, हलकेच फिरवून उचलला की खळगा तयार होतो. त्याच्या तळाला बोटाने तीन भोके पाडली तर मेणबत्तीला तीन पाय फुटतात, आणि मुलांना सगळ्यात जास्त मजा याच कामात येते. वाळूत जे आत दाबाल ते मेणबत्तीवर उठून येते. शिंपले बाहेरच्या अंगाला दिसायला हवे असतील तर त्यांची फुगीर बाजू वाळूकडे करून ते खळग्याच्या भिंतीत रुतवतात. इथपर्यंतचे काम मुलांचे, ओतणे मोठ्यांचे.

मेणाची पहिली धार थेट तळावर सोडली तर खळगा उकरला जातो, म्हणून ती चमच्याच्या पाठीवरून सोडतात. मेण फार तापलेले असेल तर चुरचुर आवाज येतो, बुडबुडे उठतात. ही वाळूतल्या पाण्याची वाफ असते. तोंड जवळ नेऊ नये. थोड्याच वेळात पातळी खाली जाते, तेव्हा पुन्हा भर घालावी लागते. खळग्यात लिटरभर पाणी मावत असेल तर मेण सुमारे ९०० ग्रॅम लागते, आणि वाळूत मुरणारे वेगळे.

सुताची विणलेली वात काडीला बांधून मधोमध सोडतात. गोठताना मेण आकसते आणि वातीभोवती खड्डा पडतो. तो नंतर थोडे मेण ओतून भरतात. रंगासाठी मुलांचे तुटके मेणखडू टाकायचा मोह होतो, पण त्यांतल्या रंगद्रव्याने वात तुंबते आणि ज्योत मिणमिणते. खाण्याचे पाण्यात विरघळणारे रंग तर मेणात मिसळतच नाहीत.

रात्रभर तसेच ठेवून सकाळी मेणबत्ती उकरून काढतात आणि सैल वाळू ब्रशने झटकतात. पसरट मेणबत्तीला दोन-तीन वाती लावाव्या लागतात, नाहीतर मधे विहीर होते आणि कडेचे मेण तसेच राहते. कवच कुठे कच्चे असेल तर जळताना तिथून मेण पाझरते, म्हणून खाली ताटली हवी. मधले मेण संपले तरी कवच वाटीसारखे शिल्लक राहते. त्यात नवी वात लावून पुन्हा मेण ओततात.